आईची गया आणि बाबाची ड्यूटी

दुर्गजवळच्या आमच्या भिलाई-तीनच्या रेल्वे कॉलनीत माणूस कसा आहे, हे त्याच्या प्रवासावरून ठरायचं. सगळ्यांपाशी फुकटचा पास, त्यामुळं सुट्ट्या लागल्या का अर्धी कॉलनी गाडीत. बाजूच्या क्वार्टरमधले काका दर स्टेशनावर खाली उतरायचे, गाडी हलल्यावर पळत येऊन चढायचे, आणि काकू दर वेळी रडकुंडीले यायच्या. समोरचे फिटर काका संध्याकाळच्या गाडीसाठी दुपारी जेवण झालं का फलाटावर जाऊन बसायचे. गाडीत झोपतानाही ते चपला पायातच ठेवतात, चोर नेईल म्हणून, असं त्यांच्याच पोरीनं मले सांगतलं होतं. आम्ही पोट्टे दोघांच्याही नकला करायचो. एक उतावळा, एक भित्रा. झालं, विषय संपला. माणूस ओळखायले याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं मले चांगली मोठी होईपर्यंत वाटत होतं.

आमच्या घरातही वाटणी पक्की होती. आई फिरस्ती, बाबा घरकोंबडा. मी आईवर गेली, असं सगळेच म्हणायचे आणि मले ते आवडायचं.

बाबा मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे सारी नोकरी गाडीतच, पण गाडीच्या शेवटच्या डब्यात, एकट्यानं. ड्यूटीवरून आले का आंघोळ, जेवण आणि पंख्याखाली आडवे. बोलणं मोजकंच. सुट्टीत कुठं जायचं नाव काढलं का पेपर तोंडासमोर धरायचे. आईचं सगळं उलटं. आमचं क्वार्टर यार्डाच्या काठावर होतं. कामं आटोपली का ती पायरीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मले ओळखून दाखवायची. ही पुरीले जाते, ही हावड्याले, ही पाटण्याले. त्यातलं एकही गाव तिनं पाहिलेलं नव्हतं. कॉलनीतलं कोणी फिरून आलं का ही त्यांच्या घरी ठाण मांडायची. तिथलं पाणी कसं, जेवायले काय भेटते, लोक कोणत्या भाषेत बोलतात, सगळं खोदून खोदून विचारायची. आणि गयेचं तर तिले वेडच होतं. विहारातल्या बायांपुढं ती बोधीवृक्षाचं असं वर्णन करायची का नव्या बाईले वाटावं, ही तिथं राहूनच आली. तथागताले ज्ञान झालं त्या झाडाखाली एकदा जाऊन बसायचं, डोळे मिटायचे, मग मेली तरी चालते, असं ती म्हणायची. गंमत म्हणून नाही, खरंच म्हणायची.

आणि ती भित्री बाई नव्हती हो. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडं मले काखोटीले मारून एकटी जायची, जनरलच्या डब्यात भांडून जागा करायची, गोंदिया येईपर्यंत अख्ख्या डब्याची तिच्याशी ओळख झालेली असायची. दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जायची तेव्हा कॉलनीतल्या बाया तिच्या मागं मागं राहायच्या. अशा बाईले गयेले न्यायले नवरा तयार नाही, याचा मले भयंकर राग यायचा.

तयार नाही असं ते कधी म्हणत नव्हते, हीच तर गोष्ट होती. पास निघायचा. रजा मंजूर व्हायची. पिशव्या भरून व्हायच्या. विहारातल्या बाया झाडापाशी लावायले म्हणून मेणबत्त्या आणून द्यायच्या. आणि आदल्या दिवशी दाराची कडी वाजायची.

त्या काळात क्वार्टरात फोन नव्हते. गार्ड-ड्रायव्हरले ड्यूटी सांगायले एक माणूस सायकलवर यायचा, कडी वाजवायचा, सही घ्यायचा आणि जायचा. त्याले कॉल म्हणत. कॉल आला का विषय बंद. लग्न असो, मयत असो, कोणी कावून म्हणून विचारत नव्हतं. माणसं कमी पडली का मंजूर झालेली रजाही कापली जायची, आणि हे कॉलनीतल्या प्रत्येक घरी कधी ना कधी झालेलं होतं. त्यामुळं आमच्या घरी झालं तरी कोणाले नवल वाटायचं नाही. आई दारात जायची, परत यायची, म्हणायची, कॉल आला. बाबा खुंटीवरचा युनिफॉर्म काढायचे, घालायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. ते दुसऱ्या दिवशी परत यायचे, तोवर गाडी गेलेली असायची.

मंग आई सुरू व्हायची. भरलेल्या पिशव्या खोलीच्या मधोमध उघडून एक एक कपडा आपटत कपाटात ठेवायची. या माणसानं मले कुठं नेलं नाही, याच्या पायी माझा जन्म या यार्डात सडला, हे ती शेजारपाजारच्या बायांपुढं मोठ्यानं म्हणायची. बाबा घरात असले तरी म्हणायची. ते ऐकत ऐकत जेवायचे, ताट धुवायले ठेवायचे आणि पंख्याखाली आडवे व्हायचे. मले वाटायचं, केवढा गेंड्याच्या कातडीचा माणूस आहे हा. एकदा मी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यायच्याशी बोलली नाही. त्यायनं विचारलं सुद्धा नाही कावून.

पुढं बाबा रिटायर झाले आणि दोघं माझ्यापाशी दुर्गले, मोहन नगरात राहायले आले. आता कॉल येणार नव्हता. मी पहिल्याच हिवाळ्यात गयेचं काढलं. आई उड्या मारायले लागली. दोन दिवसांनी बाबा चहा पिता पिता म्हणाले, आयुष्यभर गाडीत बसलो, आता माझ्यानं बसवत नाही. तुम्ही दोघी जा म्हटलं, तर आई ताडकन म्हणाली, नवरा सोडून तीर्थाले जायची बाई मी नाही. मी बाबाकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहून राहिले होते. माझं डोकं असं फिरलं का चहाचा कप तसाच सोडून हॉस्पिटलच्या ड्यूटीवर गेली.

बाबाले जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले, कोणाले त्रास दिला नाही. त्यायच्या मागं आईले एक नवंच सुरू झालं. दुपारी बसल्या बसल्या उठायची आणि दार उघडायले जायची. कोण आलं विचारलं तर म्हणायची, कडी वाजली. आमच्या दाराले बेल आहे. बाहेरून वाजवायले कडीच नाही. मी एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे, मले या गोष्टी माहीत आहेत. म्हातारपण, कान, एकटेपण, सगळं मी स्वतःले समजावून सांगत होती. पण ती दार उघडून रिकाम्या जिन्याकडं पाहत उभी राहायची, आणि मले तिच्याजवळ जावंसं वाटत नव्हतं. ती कोणाची वाट पाहून राहिली आहे हे मले माहीत होतं, आणि तो माणूस खरंच जिना चढून आला तर, असं मनात यायचं.

माझ्याच घरात मले भेव वाटत होतं. म्हणून मी ठरवलं, आता हे गयेचं करूनच टाकायचं. आईचा विधवा पास निघते, त्यावर सोबत एकजण नेता येते. मी हॉस्पिटलातून रजा घेतली. खरं सांगायचं तर त्यात माझा रागही होता. आता अडवायले कोण आहे, असं मी बाबाच्या फोटोकडं पाहून म्हटलं होतं. आईच्या गुडघ्यायचं काही खरं नाही. या वर्षी गेली नाही तर ती कधीच जाणार नव्हती. हे मले माहीत होतं, तिले माहीत होतं, विहारातल्या बायांलेही माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्या सगळ्या आल्या, मेणबत्त्या दिल्या, आईच्या गळ्यात हार घातला. आई लाजून लाजून हसत होती. माझी पोरगी कॉलेजात आहे, ती नानीचे फोटो काढत होती. घरात आम्ही तिघीच राहतो, पोरीचे बाबा इकडच्या, छत्तीसगडातल्या रायगढले नोकरीले आहेत.

सकाळी मी चहा ठेवून राहिली होती, तेव्हा कडी वाजली.

लोखंडावर लोखंड वाजते तसा आवाज, थांबून थांबून, जोरात नाही. घरात कोणी झोपलं आहे हे माहीत असलेल्या माणसानं वाजवावी तशी. मी लहानपणी तो आवाज इतक्यांदा ऐकला होता का हात पुसत पुसत दारात पोचली आणि मंग मले समजलं, आपण काय करून राहिलो. दार उघडलं. जिना रिकामा. दुधाची पिशवी दाराच्या हँडलले लटकली होती, ती हलत सुद्धा नव्हती. मी मागं वळली तर आई आंघोळ करून, पांढरी साडी नेसून तिथंच उभी. कोण आहे, असं तिनं विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर भेव नव्हतं. सुटल्यासारखा चेहरा होता. मले वाटलेलं भेव लपवायले मी तिच्यावर खेकसली, पाय उचल जरा, गाडी काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे?

पाटण्याची ती गाडी दुर्गातूनच सुटते, त्यामुळं फलाटावर आधीच उभी असते. पाटण्याहून पुढं गया. आम्ही चढलो, मी सामान बर्थखाली सरकवलं, आईले खिडकी दिली. भंडाऱ्याच्या गाडीत पाच मिनिटांत डबाभर ओळखी करणारी ही बाई समोर बसलेल्या म्हातारीकडं पाहत सुद्धा नव्हती. खिडकीची दांडी धरून बसली होती. मी सहज तिच्या हातावर हात ठेवला, तर बर्फ. माझी बोटं आपोआप नाडीवर गेली. नाडी अशी पळत होती का मले वाटलं, आता हिले इथंच काही होते.

"मले जायाचं नाई," आई म्हणाली.

तब्येत बिघडली का म्हणून मी विचारलं. तिनं मान हलवली. माझ्याकडं न पाहता, खिडकीतून फलाटाकडं पाहत बोलली.

"आज नाई असं नाई. मले कधीच जायाचं नव्हतं. मले भेव वाटते."

मले आधी समजलंच नाही. भेव कशाचं? एवढी वर्षं तर बाबा… मी बाबाचं नाव काढलं आणि तिनं डोळे मिटले.

"कडी तुये बाबाच वाजवत होते," ती म्हणाली.

मंग तिनं मले सगळं सांगतलं, हळूहळू, जसं दुसऱ्या कोणा बाईचं सांगून राहिली. पहिल्यांदा पिशव्या भरल्या तेव्हा आदल्या सकाळी चुलीपाशी तिचे हातपाय गळाले. भंडारा, गोंदिया, नागपूर ठीक होतं. त्या बाजूले आपली माणसं होती. पण रायपूरच्या पुढं, जिथं आपलं म्हणून कोणी नाही, तिकडं जायचं म्हटलं का तिचा जीव वरखाली व्हायचा. गाडी हलली का मागं आपलं घर राहणारच नाही, परत येऊ तेव्हा यार्ड असेल, रूळ असतील, पण क्वार्टर नसेल, असं तिले वाटायचं. वेड्यासारखं आहे हे तिले समजत होतं. तिनं बाबाले ते सांगतलं. हेही सांगतलं का, मी वर्षभर गया गया करून नाचली, आता बाया हसतील, पोरगी हसेल. बाबा उठले. मागच्या दारानं बाहेर गेले. थोड्या वेळानं समोरची कडी वाजली. आईले खरंच वाटलं, कॉल आला, सुटलो. दार उघडलं तर बाहेर बाबाच उभे. तिच्याकडं पाहिलं, आत आले आणि खुंटीवरचा युनिफॉर्म काढला. त्याच्यानंतर दर वेळी तसंच. त्यावर दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नाहीत.

"आणि तू त्यायले शिव्या देत होती," मी म्हटलं.

"द्याव्याच लागत होत्या. नाईतर तुले समजलं असतं."

मले तिचा इतका राग आला का सांगता येत नाही. ओरडावं वाटलं, पण डब्यात माणसं भरून राहिली होती. मी म्हटलं, मंग बाबा गेल्यावर तरी सांगायचं होतं. पास कावून काढू दिला? हार कावून घालून घेतला? ती म्हणाली, तिले वाटलं, आता म्हातारपणी नाही वाटणार भेव. काल रात्रीपर्यंत तिले खरंच जायचं होतं. दर वेळी भेव चढेपर्यंत तिले खरंच जायचं असायचं. आणि मंग अगदी साध्या आवाजात, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं, ती म्हणाली, "आज सकाळी बी आले होते ना. तुले बी आयकू आलं."

मी तिचं मनगट सोडलं नाही.

फलाटावर गाडी सुटायची सूचना सुरू झाली. मले आजही वाटते, मी तिले धरून बसवू शकली असती. हॉस्पिटलात मी किती माणसं अशी धरून ठेवली आहेत, सुईले भिणारी, ऑपरेशनले भिणारी. रायपूर गेलं असतं, भेव उतरलं असतं, पाटणं आलं असतं, आणि ती त्या झाडाखाली बसली असती. एवढंच तर तिचं मागणं होतं. पण माझी बोटं अजून तिच्या मनगटावर होती आणि त्या बोटांखाली तिची नाडी तशीच पळत होती. मी खाली वाकून पिशव्या ओढल्या. आम्ही उतरलो. आमच्या बर्थवरची खिडकी समोरून गेली, तिथं आता कोणी नव्हतं. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता. तो जाईपर्यंत आईनं डोक्यावरचा पदर धरून ठेवला होता.

गाडी गेली तशी ती सावरली. तिनं हारातली चुरगळलेली फुलं पिशवीतून काढून बाकावर ठेवली. मंग माझ्याकडं पाहून म्हणाली, "आता घरी काय सांगाचं?"

ते विचारणं नव्हतं. तिनं बाबाकडं असंच पाहिलं असेल, चुलीपाशी, पहिल्यांदा. ऑटोत बसल्यावर मी फोन काढला आणि पोरीले लावला. म्हटलं, हॉस्पिटलातून फोन आला, दोन जणी आजारी पडल्या, रजा कॅन्सल झाली, मले आत्ताच्या आत्ता ड्यूटीवर जायचं आहे, नानीले घरी सोडते. इतकं सरळ, अडखळल्याशिवाय मी बोलली का माझं मलेच नवल वाटलं. पलीकडून पोरगी म्हणाली, "मम्मी, नानी ने पूरी ज़िंदगी में एक ही चीज़ माँगी थी।" आणि फोन ठेवला.

ऑटो घरापाशी थांबला. मी आत गेली नाही, ड्यूटी होती ना. आईले उतरवलं, तिची पिशवी जिन्यापर्यंत नेऊन दिली. पोरगी खाली आली, माझ्याकडं न पाहता तिनं पिशवी घेतली आणि नानीच्या खांद्यावर हात टाकून तिले वर नेलं. खिडकी उघडी होती. आईचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता, चांगला खणखणीत.

"तुयी माय बापावरच गेली. मले कुठं जाऊच द्यायाचं नाई यायले."

आणि मंग हुंदका. तो हुंदका खरा होता, हे मी शपथेवर सांगते. माझे पाय दोन पायऱ्या वर गेले होते. वर जाऊन सगळं सांगून टाकावं, असं मले फार वाटलं. पण ऐकल्यावर पोरगी नानीकडं कशी पाहील, ते डोळ्यांसमोर आलं. मी खाली उतरली आणि ऑटोत बसली. ऑटोवाल्यानं फोनवरचं सगळं ऐकलेलं होतं, त्यानं न विचारताच ऑटो हॉस्पिटलकडं वळवला. अर्ध्या रस्त्यात मी त्याले थांबवलं.

हॉस्पिटलात जाता येत नव्हतं, रजेवर असलेली बाई तिथं कावून आली म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं. ओळखीच्या घरी जाता येत नव्हतं. घरी तर संध्याकाळपर्यंत नाहीच. एका बंद दुकानाच्या ओट्यावर सावली होती, तिथं मी बसली. ऊन चढलं, भूक लागली, तेव्हा आठवलं का पिशवीत दोघींच्या पुऱ्या आहेत. मी डबा मांडीवर घेतला, पण उघडवेना. बाबालेही आई डबा देतच असेल. ड्यूटीवर जाणाऱ्या माणसाले बिनडब्याचं पाठवलं असतं तर मीच विचारलं असतं. गार्ड-ड्रायव्हर आराम करतात त्या रनिंग रूममधे त्यायले जाता येत नव्हतं, तिथं सगळे ओळखीचे. यार्डात जाता येत नव्हतं. सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत, अंगावर युनिफॉर्म घालून, तो डबा त्यायनं कुठं बसून खाल्ला, हे आईनं कधी विचारलं नाही, आणि मी तर त्यायच्याशी बोलतच नव्हती.